पट्टीवरची दुसरी रेघ

दिवाळीआधीची गोष्ट. सेमिस्टरचा शेवटचा पेपर होऊन दोन दिवस झाले होते. रात्री साडेदहाला एका विद्यार्थिनीचा फोन आला. आवाज इतका दबका की आधी वाटलं, रेंज नाही. "मॅडम, घरात सगळे आहेत, जिन्यात उभी राहून बोलतेय." पाळीची तारीख टळून बारा दिवस झाले होते. मेडिकलमधून आणलेल्या गर्भचाचणीच्या किटवर दोनदा एकच रेघ आली होती, म्हणजे गर्भ नाही. मग मोबाइलवर बघून तिने लघवीत टूथपेस्ट घालून पाहिली, तर फेस आला, म्हणजे म्हणे गर्भ आहे. "खरं काय धरायचं, मॅडम?"

दुसऱ्या दिवशी मी घरातल्या पांढऱ्या टूथपेस्टवर लिंबू पिळलं. फसफसून फेस आला. बऱ्याच पांढऱ्या पेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि त्यावर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, हे आपण शाळेतच शिकलो. लघवीही बहुतेक वेळा किंचित आम्लधर्मी असते, बाईची असो वा पुरुषाची. शिवाय पेस्टमध्ये फेस आणणारं द्रव्य असतंच, नुसतं ढवळलं तरी फेस येतो. साखर, मीठ, साबण यांच्या 'टेस्ट' याच जातीच्या. या फेसावर विश्वास ठेवून मुली रात्र-रात्र जागतात, याचा मला फार राग येतो. पपई आणि तीळगूळ खाऊन पाळी 'उतरवण्याचं'ही तेच. ज्या पाळीची वाट बघत पपई खाल्ली, ती दोन दिवसांनी येणारच होती, आणि श्रेय पपईला मिळालं.

आता पाळी लांबते म्हणजे काय होतं? पाळी हे घड्याळ एकाच चालीने चालत नाही, त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात बीजांडकोशात एक फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, वाढतं आणि त्यातून बीज सुटतं. हा भाग दहा दिवसांचा असू शकतो, पंचवीस दिवसांचा किंवा त्याहून लांबही असू शकतो. बीज सुटल्यावर रिकाम्या फॉलिकलचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक (हार्मोन) सोडतो. त्याचं आयुष्य मात्र बऱ्यापैकी ठरलेलं, साधारण बारा ते चौदा दिवसांचं. तो विझला, प्रोजेस्टेरॉन उतरलं, की गर्भाशयाचं अस्तर गळतं आणि पाळी येते. गणपतीत पाळी पुढे ढकलायला बायका गोळ्या घेतात, त्या याच गोष्टीचा फायदा घेतात. प्रोजेस्टेरॉनसारखं औषध पोटात जात राहतं तोवर अस्तर टिकतं, आणि गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे गर्भ नसताना पाळी लांबली, तर बहुतेक वेळा बीजच उशिरा सुटलेलं असतं, किंवा सुटलेलंच नसतं. जागरण, परीक्षेचा ताण, झपाट्याने उतरलेलं वजन, थायरॉइड, पीसीओडी हा बीजांडकोशाचा विकार, यांपैकी काहीही बीजाला थांबवून धरू शकतं. आपत्कालीन गोळी घेतली असेल तर तीही पाळी काही दिवस मागे-पुढे करते. मोबाइलमधलं ॲप जुन्या तारखांची सरासरी काढतं. या महिन्यात बीज कधी सुटेल, हे त्याला आधी कळायला मार्गच नसतो.

म्हणून ज्यांची पाळी अनियमित आहे त्यांनी पाळीच्या तारखेपासून मोजूच नये. संबंध आला त्या दिवसापासून मोजावं. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. बीज सुटल्यापासून गर्भ अस्तरात रुजेपर्यंत सहा ते बारा दिवस जातात. त्यानंतर चाचणीच्या पट्टीला पकडता येईल इतकं गर्भाचं संप्रेरक साठायला आणखी काही दिवस लागतात. बेरीज केली की एकवीस दिवस होतात. शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर एकवीस दिवसांनी नीट केलेल्या चाचणीत दुसरी रेघ नसेल, तर त्या उत्तरावर भरवसा ठेवता येतो.

आणि ही चाचणी! पन्नास-साठ रुपयांच्या त्या प्लॅस्टिकच्या डबीत काय काय कोंबलंय, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

रुजलेल्या गर्भाभोवतीच्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक सोडतात. पीतपिंडाला ते सांगतं, 'विझू नकोस'. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचं प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी साधारण दुप्पट होत जातं. त्याच्या रेणूत दोन साखळ्या असतात. 92 अमिनो आम्लांची अल्फा साखळी थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकात असते, बीज सोडवणाऱ्या एलएचमध्येही असते, अगदी तीच. वेगळेपण आहे ते 145 अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत. 1920च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक हे डॉक्टर गर्भ आहे का हे बघायला बाईची लघवी उंदरांच्या पिल्लांना टोचून त्या पिल्लांचे बीजांडकोश तपासत. नंतर रक्तातलं संप्रेरक मोजता येऊ लागलं, तरी एलएच आणि एचसीजीची गल्लत होई. 1972 साली अमेरिकेत ज्युडिथ वैटुकायटिस आणि सहकाऱ्यांनी फक्त बीटा साखळी ओळखून तिला चिकटणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, वापरली आणि ती गल्लत मिटली.

तशाच प्रतिपिंडांचा वापर आपल्या डबीत होतो. गोल खळगीत ड्रॉपरने दोन-तीन थेंब टाकले की लघवी कागदासारख्या पट्टीवरून पुढे सरकते, दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी. वाटेत वाळवून ठेवलेली प्रतिपिंडं तिच्यात विरघळतात, आणि प्रत्येकाला सोन्याचा कण चिकटवलेला असतो. हो, सोनंच. झवेरी बाजारात पिवळं दिसणारं सोनं मिलिमीटरच्या पंचवीस हजाराव्या भागाएवढं बारीक केलं की लाल दिसतं, कारण त्या कणातले इलेक्ट्रॉन एका तालात डोलतात आणि हिरवा प्रकाश गिळतात. फॅरडेने 1857 मध्येच अशा लाल सोन्याचा अभ्यास केला होता. पुढे 'टी' रेघेवर दुसरी प्रतिपिंडं पक्की बसवलेली असतात. एचसीजी असेल तर त्याचं एक टोक सोनेरी प्रतिपिंडाने धरलेलं असतं आणि दुसरं टोक 'टी'वरचं प्रतिपिंड पकडतं. असे असंख्य कण एका ओळीत अडकले की गुलाबी रेघ उमटते. एचसीजी नसेल तर सोनं थांबतच नाही, पुढे जाऊन 'सी' रेघेवर अडकतं. म्हणून 'सी' उमटलीच नाही तर चाचणी बाद, नवी पट्टी घ्यायची. पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचायचा. अर्ध्या तासाने दिसणारी फिकट राखाडी रेघ ही वाळलेल्या लघवीची असू शकते. वेळेत आलेली गुलाबी रेघ मात्र कितीही फिकट असली तरी ती मोजायची, आणि दोन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा बघायचं. ज्यांना दुकानात मागायला संकोच वाटतो, त्यांनी आशा ताईंना 'निश्चय' किटबद्दल विचारावं.

रेघ आली आणि पोटात एका बाजूला जोराचं दुखतंय, चक्कर येतेय, तर गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत रुजलेला असू शकतो. तेव्हा थेट रुग्णालयात जायचं, सकाळची वाट बघायची नाही. गर्भ नको असेल तर 1971च्या कायद्याने, 2021च्या दुरुस्तीनंतर अविवाहित मुलींनाही, गर्भपाताचा मार्ग खुला आहे. पण डॉक्टरांकडून, मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून नव्हे. आणि रेघ नाही, पण तीन महिने पाळीही नाही, तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तपासून घ्यावं, सोनोग्राफी करावी.

त्या रात्री मी तिला एवढंच विचारलं, "संबंध येऊन किती दिवस झाले?" सतरा. पाच दिवस थांबून बाविसाव्या दिवशी तिने पहाटे पुन्हा पट्टी वापरली आणि मला फोटो पाठवला. 'सी' लालभडक, 'टी'ची जागा पांढरी. परीक्षेच्या महिन्यात ती बदलापूरहून रोज पाचची लोकल पकडत होती, चार तास झोपत होती, आणि पाच किलो उतरली होती. शेवटच्या पेपरनंतर तेराव्या दिवशी तिला पाळी आली. म्हणजे बीज बहुधा पेपर संपले त्याच सुमारास सुटलं होतं.