ताप कशासाठी येतो? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

रात्री मूल तापाने फणफणले की आईचा तळहात आधी त्याच्या कपाळावर जातो, मग पोटावर आणि शेवटी तळपायांवर. कपाळ चटका लागावा इतके गरम आणि पाय मात्र बर्फासारखे गार, हे पाहून घाबरायला होते. थर्मामीटर लावला जातो, 'एकशे दोन' असे कोणीतरी म्हणते, पॅरासिटामॉलचे सिरप दिले जाते, पट्ट्या ठेवल्या जातात आणि आकडा शंभरच्या खाली उतरला की घर पुन्हा झोपी जाते. हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की शरीर मुळात स्वतःहून का तापते आणि त्या तापण्याचा त्याला काही उपयोग आहे का, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. वैद्यकाच्या इतिहासात मात्र तो पुष्कळदा विचारला गेला. मधली शंभरेक वर्षे तो बाजूला पडला आणि गेल्या पन्नास वर्षांत पुन्हा गांभीर्याने पुढे आला.

आयुर्वेदाने ज्वराला रोगांमध्ये पहिले स्थान दिले. चरकसंहितेच्या निदानस्थानाची सुरुवातच ज्वराने होते. त्यातली उपपत्ती अशी, की दोष आमाशयातून निघून रसधातूत मिसळतात, रसाचे आणि घामाचे मार्ग अडवतात, आणि जठराग्नी आपली जागा सोडून सर्वांगात पसरतो. म्हणून अंग तापते आणि भूक मरते. यावरून उपचारही ठरले. ताप नवा असताना लंघन करावे, जड अन्न, स्नान, व्यायाम टाळावा आणि काढ्यांची घाई करू नये, दोष पिकू द्यावेत. तापात पेजेवर राहण्याची आपल्याकडची रीत याच विचाराच्या कुळातली आहे. या वर्णनात आजचे प्रतिकारशक्तीचे शास्त्र शोधायला जाणे मला योग्य वाटत नाही, कारण त्या काळच्या वैद्यांसमोर जंतूंची कल्पनाच नव्हती. त्यांचे निरीक्षण मात्र बारीक होते. एक दिवसाआड येणारा तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणारा चतुर्थक असे त्यांनी केलेले विषमज्वराचे, म्हणजे सोडून सोडून येणाऱ्या तापाचे, प्रकार हिवतापाच्या परजीवींच्या चक्राशी आजही जुळताना दिसतात.

ग्रीक परंपरेतही ताप म्हणजे बिघडलेले देहरस शिजवून बाहेर टाकण्याची क्रिया असे मानले जाई, आणि सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य थॉमस सिडनहॅम यांनी तापाला निसर्गाचेच एक साधन ठरवले होते. अशा विचारसरणीचा वैद्य ताप पाहून लगेच तो उतरवायला धावत नसे. तो कोणत्या वळणाने जातो याची वाट पाहत असे. अर्थात, हातात प्रभावी औषध नसल्यामुळेही ही वाट पाहावी लागत असे, हे विसरता येणार नाही.

चित्र बदलले ते तापमापकामुळे. जर्मनीतील लाइपझिग येथे कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५,००० रुग्णांच्या काखेतील तापमानाच्या नोंदी जमवल्या आणि १८६८ साली त्यावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा तापमापक जवळपास वीतभर लांब होता आणि एक नोंद घ्यायला पंधरा ते वीस मिनिटे लागत. एवढ्या चिकाटीतून तापाचे आलेख तयार झाले. जिना चढावा तसा चढत जाणारा टायफॉइडचा आलेख वेगळा आणि एकाएकी उसळून घाम फुटताच कोसळणारा हिवतापाचा वेगळा, हे डॉक्टरांना कागदावर दिसू लागले. तोपर्यंत ज्याला स्वतंत्र रोग समजत, तो ताप आता रोगाचे एक लक्षण ठरला. निरोगी माणसाचे सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरेनहाइट, हा आकडाही वुंडरलिश यांचाच. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑल्बट यांनी सहा इंची, पाच मिनिटांत नोंद देणारा तापमापक तयार केला आणि ताप मोजणे डॉक्टरांच्या रोजच्या कामात आले.

तो ९८.६ चा आकडा आपण आजही दगडावरची रेघ मानतो, पण तो तसा नाही. १९९२ साली अमेरिकेत १४८ निरोगी प्रौढांच्या तोंडातील तापमानाचा अभ्यास झाला, त्यात सरासरी ९८.२ अंश निघाली. शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी आणि सायंकाळी सर्वांत जास्त असते, आणि हा फरक निरोगी माणसातही जवळजवळ एक अंश फॅरेनहाइट भरतो. म्हणजे संध्याकाळी ९९ पाहून 'कसर आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ती कसर नसते, संध्याकाळ असते.

ताप आकड्यात उतरला आणि थोड्याच वर्षांत तो आकडा खाली आणणारी औषधेही आली. सिंकोनाच्या सालीतून १८२० साली पॅरिसमध्ये क्विनीन वेगळे करण्यात आले होते. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी त्याचे नाव कोयनेल. क्विनीन हिवतापाच्या परजीवीवर काम करते आणि म्हणून तो ताप हटतो, पण परजीवी माहीत नसलेल्या काळात ते सरसकट तापाचे औषध समजले गेले आणि रसायनशास्त्रज्ञ त्याला स्वस्त पर्याय शोधू लागले. त्या शोधातून १८८४ मध्ये अँटिपायरिन निघाले. परजीवी मारण्याशी त्याचा संबंध नव्हता, ते केवळ ताप उतरवत होते. विलोच्या सालीपासून सुरू झालेल्या वेगळ्या वाटेने १८९९ मध्ये अ‍ॅस्पिरिन बाजारात आले आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरासिटामॉल. कारण दूर करून ताप हटवणे आणि कारण तसेच ठेवून आकडा खाली आणणे या दोन गोष्टींतला फरक याच काळात पुसट झाला, असे मला वाटते. त्याला शास्त्राचाही आधार मिळाला. फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी प्राण्यांना गरम पेटीत ठेवून दाखवले होते, की शरीराचे तापमान काही अंशांनी वाढले की ते मरतात. बाहेरून तापवलेले शरीर आणि आतून तापलेले शरीर एकच, असे गृहीत धरून ताप हाच घातक ठरवला गेला.

याच्या अगदी उलट टोकाला जाणारा एक प्रयोग व्हिएन्नामध्ये झाला. मेंदूपर्यंत पोचलेल्या सिफिलिसच्या रुग्णांना युलियस वाग्नर-याउरेग यांनी १९१७ पासून मुद्दाम हिवतापाची लागण करून दिली, तापाचे काही झटके येऊ दिले आणि मग क्विनीन देऊन हिवताप थांबवला. एरवी खात्रीने मरणाऱ्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांत सुधारणा दिसली आणि १९२७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या उपचारात हिवतापानेच काही रुग्ण दगावत, आणि पेनिसिलिन आल्यावर तो मागे पडला.

दरम्यान ताप पेटवते कोण, याचा शोध प्रयोगशाळेत सुरू होता. शिरेतून इंजेक्शन दिल्यावर कित्येक रुग्णांना विनाकारण थंडीताप भरत असे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या फ्लॉरेन्स सीबर्ट यांनी दाखवले, की ऊर्ध्वपातित पाण्यातही जीवाणूंचे अंश वाफेच्या थेंबांबरोबर जातात आणि तेच ताप आणतात. आज सलाइनची बाटली निर्धोक मानली जाते, त्यामागे हे काम आहे. पुढे १९४८ मध्ये पॉल बीसन यांनी सशांच्या पांढऱ्या पेशींतून ताप आणणारा पदार्थ मिळवला आणि गोष्टीला खरी कलाटणी मिळाली. जंतू शरीराला तापवत नाहीत, जंतूंची चाहूल लागलेल्या आपल्याच पेशी तसा निरोप धाडतात, असे त्यातून दिसले. १९७७ मध्ये चार्ल्स डिनारेलो यांनी माणसाच्या पेशींतील हा पदार्थ शुद्ध केला. आज त्याला इंटरल्यूकिन-१ म्हणतात. त्याआधी १९७१ मध्ये ब्रिटनच्या जॉन वेन यांनी दाखवले होते, की अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातच बनणारे रसायन तयार होऊ देत नाही. दोन्ही टोके जुळली. इंटरल्यूकिनचा निरोप मेंदूत प्रोस्टाग्लँडिनमध्ये बदलतो, ते हायपोथॅलॅमसमधील, म्हणजे शरीराचे तापमान सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागातील, तापमानाची नेमलेली पातळी वर सरकवते, आणि तापाची औषधे ही मधली कडी तोडतात.

आता त्या रात्रीच्या गार पायांचा उलगडा होतो. हायपोथॅलॅमसने पातळी ३७ वरून ३९ वर नेली, पण रक्त अजून ३७ लाच आहे, म्हणून शरीराला वाटते की आपण गारठलो. उष्णता वाया जाऊ नये म्हणून त्वचेच्या, हातापायांच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि पाय गार पडतात. स्नायू थरथरून उष्णता तयार करतात आणि हुडहुडी भरते. मूल गोधडीत शिरू पाहते. पातळी गाठली की थंडी थांबते, आणि पातळी खाली आली की रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, घाम फुटतो, पांघरूण लाथाडले जाते. उष्माघातात यातले काही घडत नाही. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात कोसळलेल्या माणसाची नेमलेली पातळी जागेवरच असते, शरीराला फक्त उष्णता बाहेर टाकता येत नाही. म्हणून तेथे पॅरासिटामॉल निरुपयोगी ठरते आणि अंग तातडीने थंड करावे लागते. बेर्नार यांच्या पेटीतले प्राणी उष्माघाताचे होते, तापाचे नव्हते.

मूळ प्रश्न पुन्हा उभा केला तो एका सरड्याने. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात वाळवंटी इग्वानावर प्रयोग केले. सरडा शीतरक्ताचा प्राणी, त्याला आतून ताप आणता येत नाही, अंग गरम करायचे तर उन्हात जाऊन बसावे लागते. एक बाजू जास्त उष्ण आणि दुसरी कमी, अशा पेटीत ठेवलेल्या सरड्यांना जीवाणूंची लागण केल्यावर ते उष्ण बाजूला अधिक वेळ राहू लागले आणि त्यांच्या शरीराचे तापमान सुमारे दोन अंश सेल्सिअस चढले. मग १९७५ मध्ये लागण झालेले सरडे वेगवेगळ्या ठरावीक तापमानांत ठेवून पाहिले, तेव्हा उष्णतेत ठेवलेले अधिक जगले आणि थंड ठेवलेले अधिक मेले. पुढच्या वर्षी काहींना तापावरचे औषध दिले आणि औषधामुळे ज्यांचे तापमान वाढू शकले नाही ते दगावले. माशांतही अशीच वागणूक आढळली आहे, आणि मधमाश्या पोळ्यातल्या अळ्यांना बुरशीची लागण होऊ लागली की पोळ्याचे तापमान वाढवतात. इतका खर्चिक गुण उत्क्रांतीत इतका दूरवर टिकून राहिला, तो निव्वळ बिघाड असेल हे मानणे त्यानंतर अवघड झाले.

खर्चिक हा शब्द येथे नेमका आहे. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले तरी शरीराचा ऊर्जावापर दहा टक्क्यांहून अधिक वाढतो. त्या मोबदल्यात काय मिळते, तर पांढऱ्या पेशींची हालचाल व त्यांचे परस्परांतील निरोप सुधारतात, लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी लसिका ग्रंथींत अधिक संख्येने शिरतात, आणि त्याच वेळी शरीर रक्तातील लोह दडवून ठेवते, ज्यावाचून कित्येक जीवाणूंना वाढलेल्या तापमानात वाढता येत नाही. सर्दीचे ऱ्हायनोविषाणू तर नाकाच्या ३३ ते ३५ अंशांनाच रमतात. पोलिओचा विषाणू ३९ अंशांपुढे नीट वाढत नाही, हे फ्रान्सच्या आंद्रे ल्वॉफ यांनी दाखवले होते.

माणसांतील पुरावा मात्र इतका सरळ नाही. मायामी येथे अतिदक्षता विभागातील ८२ जखमी रुग्णांवरचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ताप कसोशीने उतरवलेल्या गटात ७ मृत्यू आणि दुसऱ्या गटात १, म्हणून तो मध्येच थांबवावा लागला. त्यानंतर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये संसर्गाची शंका असलेल्या ७०० अत्यवस्थ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, २०१५ मध्ये, पॅरासिटामॉल देण्याने फायदा दिसला नाही आणि हानीही दिसली नाही. चेक प्रजासत्ताकात २००९ मध्ये दिसले, की लसीबरोबर आधीच पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांत प्रतिपिंडे कमी तयार झाली. ताप उपयोगी आहे, पण औषधाच्या एका मात्रेने आजार बळावतो असे यावरून म्हणता येत नाही, आणि तापाने शिणलेल्या, खाणेपिणे सोडलेल्या मुलाला ते नाकारण्याचे तर काहीच कारण नाही.

भीती मात्र पुराव्यापेक्षा मोठी राहिली. १९८० मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी पालकांच्या या धास्तीला 'तापाचा भयगंड' असे नाव दिले. ताप चढतच जाईल आणि मेंदूला इजा होईल अशी ती धास्ती होती. प्रत्यक्षात संसर्गाचा ताप ४१ अंश सेल्सिअसच्या पुढे क्वचितच जातो, कारण तो पातळी नेमून चाललेला असतो. आकडी येणाऱ्या मुलांतही तापाची औषधे देऊन पुढची आकडी टळत नाही, असे अभ्यास सांगतात. याच धास्तीवर निमेसुलाइडसारखी औषधे भारतात लहान मुलांना सर्रास दिली गेली आणि अखेर २०११ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी आली. डेंग्यूच्या शंकेत अ‍ॅस्पिरिन आणि आयब्यूप्रोफेन टाळतात, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये स्पष्ट केले, की मुलाला आराम वाटणे हा औषधाचा हेतू आहे, आकडा ९८.६ वर आणणे हा नव्हे. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश ताप असला तर ते हसतखेळत असले तरी लगेच डॉक्टरांकडे न्यावे लागते, कारण त्या वयात गंभीर संसर्गाचे दुसरे चिन्ह दिसेलच असे नसते. मोठ्या मुलाच्या बाबतीत मात्र अनुभवी डॉक्टर फोनवर 'किती आहे?' एवढ्यावर थांबत नाहीत. पाणी पितो का, लघवी कधी झाली, श्वास भराभर चालला आहे का, ताप थोडा उतरल्यावर डोळे उघडून आजूबाजूला बघतो का, हे ते आधी विचारतात.