टेबलावरचं अ‍ॅप आणि अ‍ॅपमधलं टेबल

"यात नकाशा कुठंय?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की शेवटी एका पावसाळ्यात मी नकाशा टाकलाच, आणि बऱ्यापैकी चालणारं अ‍ॅप स्वतःच्या हातानं बिघडवलं.

अ‍ॅप साधं होतं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती गोष्ट रचत खेळायचा फाशांचा खेळ खेळवताना डीएमच्या, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या डन्जन मास्टरच्या, डोक्यात एका वेळी दहा आकडे घोळत असतात. पाळी कोणाची, कोणाचे किती हिट पॉइंट, म्हणजे जीव, उरले, कोणाचा मंत्र अजून टिकून आहे. हे आकडे फोनवर दिसावेत एवढंच त्याचं काम. नकाशा मागणाऱ्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी ऑनलाइन खेळायचं रोल२० नाहीतर फाउंड्री पाहिलेलं होतं. तिथेही फासे, कॅरॅक्टर शीट (पात्राच्या आकड्यांचं पान), पाळीची यादी, माझ्याकडेही तेच. तिथे वर नकाशा आणि माझ्याकडे नाही, म्हणजे माझं अ‍ॅप त्यांचंच अर्धवट राहिलेलं भावंड वाटणार.

पण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीला कम्पॅनियन अ‍ॅप म्हणतात, दुसरीला व्हर्च्युअल टेबलटॉप, बोलताना व्हीटीटी. ओळखायची माझी खूण सोपी आहे: खेळ रंगात असताना ते बंद पाडून बघा. कम्पॅनियन अ‍ॅप बंद पडलं तर डीएम कपाळाला आठ्या घालतो, वहीचं मागचं पान उघडतो आणि पेन्सिलीनं आकडे लिहायला लागतो. मिनिटभरात खेळ पुढे. व्हीटीटी बंद पडलं तर सगळे आपापल्या घरी रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसतात, कारण टेबलच गेलेलं असतं.

दोघांची घराणीही वेगळी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये छापून आला तेव्हा कागद, पेन्सिल, फासे आणि माणसं एवढंच सामान लागायचं. पुढे डीएमच्या समोर एक पुठ्ठ्याचा घडीचा पडदा आला: बाहेरून चित्र, आतून नेहमी लागणारे तक्ते, आणि आडोशाला डीएमची गुपितं. कम्पॅनियन अ‍ॅप हा त्या पुठ्ठ्याचा वारस. व्हीटीटी मात्र टेबलाचीच जागा घेतं. फँटसी ग्राउंड्स २००४ मध्ये आलं, रोल२० २०१२ मध्ये, फाउंड्री २०२० मध्ये, नेमकं सगळं जग घरात कोंडलेलं असताना. २०१७ चं डी अँड डी बियाँड कुंपणावर बसलेलं आहे: सुरुवात नियम आणि कॅरॅक्टर शीटपासून, मग नकाशेही. गोंधळ वाढवण्यात त्याचा हात मोठा, असं माझं मत.

आता टेबलावरचं एक दृश्य जवळून बघा. चार गॉब्लिन झुडपातून बाहेर आले. प्रत्येकाचा आर्मर क्लास, म्हणजे फटका बसायला लागणारा आकडा, १५, हिट पॉइंट ७. सगळे वीस बाजूंचा फासा टाकतात, पाळी ठरते. कोणीतरी ओरडतं, "अकरा लागला!", दुसरी म्हणते, "माझे चौदा, आणि चिवडा इकडे सरकवा." डीएमच्या डाव्या हातात फोन, उजव्या हातात सोंगटी. म्हणजे अ‍ॅप एका अंगठ्यानं चालायला हवं. गॉब्लिनला पाचचा फटका बसला तर दोन टिचक्यांत नोंद व्हायला हवी, चुकून वेगळ्याच गॉब्लिनला बसला तर एका टिचकीत मागे घेता यायला हवा. स्क्रीन मध्येच झोपता कामा नये. रात्री दिवे मंद असतात, तर पांढऱ्या पार्श्वभूमीनं डीएमचं तोंड टॉर्च मारल्यासारखं उजळायला नको.

आणि नावं. "गॉब्लिन १, गॉब्लिन २" कोणी म्हणत नाही. पाचव्या मिनिटाला आमच्याकडे एक मिशीवाला होतो, एक लंगडा, एक रडका. हे नाव जागच्या जागी बदलता आलं पाहिजे, आणि देवनागरीत. माझ्या अ‍ॅपमधली लोकांना सगळ्यात आवडलेली सोय हीच आहे, आणि ती लिहायला मला एक संध्याकाळ लागली होती.

या अ‍ॅपला नेटवर्कची गरज नाही. प्रत्येक टिचकी फोनमधल्याच छोट्या डेटाबेसमध्ये जाते. मी एसक्यूलाइट वापरतो. सर्व्हर नाही, लॉगिन नाही, महिन्याचा खर्च नाही. खरं म्हणजे हे अ‍ॅप खेळाबद्दल फारसं काही "जाणत"ही नाही. एखाद्या मांत्रिकाला २६ चा फटका बसला तर मंत्र धरून ठेवणारी एकाग्रता टिकवायला फासा टाकून किती लागतील? दहा किंवा फटक्याच्या निम्मे, जो मोठा तो आकडा, म्हणजे १३. अ‍ॅप नावाशेजारी "१३" दाखवतं आणि गप्प बसतं. फासा माणूस टाकणार, मंत्र तुटला की नाही ते डीएम सांगणार. डीएमनं सातच्या गॉब्लिनला एकोणीस हिट पॉइंट दिले तरी अ‍ॅपनं कुरकुर करायची नाही, कारण टेबलावर शेवटचा शब्द डीएमचा असतो.

व्हीटीटीला असं गप्प बसून चालत नाही. तिथे कोणी कोणाचा फासा बघत नाही, सोंगटीला हात लावत नाही. खरं काय घडलं ते अ‍ॅप सांगेल तेच. त्यामुळे ते खरं कुठेतरी एकाच ठिकाणी ठेवावं लागतं, म्हणजे सर्व्हरवर. दोघांनी एकाच क्षणी एकच टोकन, म्हणजे स्क्रीनवरची सोंगटी, सरकवलं तर आधी कोण, हे सर्व्हर ठरवणार. एकाचं वायफाय तीस सेकंद गेलं तर परत आल्यावर त्याला मधलं सगळं मिळायला हवं. सोंगटी सरकवणं ही टेबलावर विचारही न करता होणारी गोष्ट. इथे तिच्यासाठी सतत उघडी जोडणी, घटनांचा क्रम आणि परवानग्या लागतात.

फाशांचंच घ्या. कम्पॅनियन अ‍ॅपमधला फासा म्हणजे कोणी फासे घरी विसरून आलं तर केलेली सोय. व्हीटीटीत त्यावर सगळ्यांचा विश्वास टिकतो, म्हणून तो खेळाडूच्या ब्राउझरमध्ये नाही, सर्व्हरवर पडायला हवा. आणि तिथे एक जुना खड्डा आहे, ज्यात मीही पडलो. एका बाइटमध्ये ० ते २५५ असे २५६ आकडे. २० नं भागून बाकी घ्या, १ मिळवा, झाला फासा, असं वाटतं. पण २५६ ला २० नं पूर्ण भाग जात नाही, १६ उरतात. त्यामुळे १ ते १६ हे आकडे २५६ पैकी प्रत्येकी १३ वेळा येतात आणि १७ ते २० फक्त १२ वेळा. ज्या विसासाठी सगळा आटापिटा, तोच किंचित दुर्मीळ होतो. उपाय एका ओळीचा: २४० किंवा त्याहून मोठा बाइट आला तर फेकून द्या आणि दुसरा घ्या.

त्याहून अवघड असतं लपवणं. पुठ्ठ्याच्या पडद्यामागचं कोणाला दिसत नाही, विषय संपला. व्हीटीटीत नकाशावर धुकं पसरलेलं असतं. टोकनाला जेवढं दिसतं तेवढाच भाग उघडतो. अंधारात ६० फूट बघू शकणारा एल्फ म्हणजे पाच फुटांच्या चौकोनांत बारा चौकोन, पण मध्ये भिंत आली की नजर तिथेच अडायला हवी. प्रत्येक भिंतीच्या टोकाकडे किरण सोडून दिसणारा आकार काढायचा, आणि टोकन हललं की पुन्हा सगळं. स्वस्तातला फोन यानं चांगलाच तापतो. हे जमलं तरी प्रश्न उरतो: पूर्ण नकाशा खेळाडूच्या मशीनवर पाठवून वरून काळा थर दिला असेल, तर ब्राउझरची साधनं उघडता येणाऱ्या माणसाला थराखालचं सगळं दिसतं. आमच्या गटात निम्मे सॉफ्टवेअरवाले. पण मला पकडलं ते त्याहून बावळट गोष्टीनं. गावचा सज्जन सरपंच मुळात रक्तपिपासू आहे हे मी तीन महिने लपवून ठेवलं होतं, आणि त्याच्या टोकनाच्या चित्राच्या फाइलचं नाव होतं "व्हॅम्पायर-सरपंच-फायनल". एका खेळाडूनं चित्र वेगळ्या टॅबमध्ये उघडलं आणि ग्रुपवर नुसता लसणाचा इमोजी टाकला.

आता माझ्या नकाशाचं काय झालं ते. फोनच्या स्क्रीनची रुंदी सात सेंटीमीटरच्या आसपास. तीस चौकोन रुंद गुहा त्यात बसवली की एक चौकोन सव्वादोन मिलिमीटरचा. बोटानं नीट दाबता यावं म्हणून अँड्रॉइडच्या मार्गदर्शिकेत बटण ४८ डीपी, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर, ठेवायला सांगतात. या हिशोबानं फोनवर एका ओळीत सात-आठच चौकोन मावतात. गुहेचा एक कोपरा. फाउंड्रीवाले निदान १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन मागतात ते उगाच नाही.

शिवाय नकाशा एकट्या डीएमला दिसून काय उपयोग, तो सगळ्यांना हवा. म्हणून सर्व्हर आला. सर्व्हर आला म्हणून लॉगिन आलं. आणि मुळशीच्या बाजूला एका फार्महाऊसवर, रेंजचा एकही दांडा नसताना, अ‍ॅपनं उघडताना लॉगिन तपासायचा हट्ट धरला आणि तिथेच गोल गोल फिरत बसलं. मिशीवाल्याचे हिट पॉइंट माझ्याच खिशातल्या फोनमध्ये होते आणि मलाच बघता येत नव्हते. ज्यांच्याकडे उघडलं असतं तेही काय करत बसले असते? मान खाली घालून आपापली स्क्रीन चिमटीनं मोठी-लहान. पुढच्या आवृत्तीत मी नकाशा, लॉगिन, सर्व्हर, तिन्ही काढून टाकलं. पाच-सहा जणांनी एकेक तारा दिला. हरकत नाही.

एका बाबतीत दोन्ही भावंडं सारखीच: नियमांचा मजकूर कुठून घ्यायचा. २००० सालापासून ओपन गेम लायसन्सखाली नियमांचा मूळ भाग, म्हणजे एसआरडी, वापरता यायचा. जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही खेळ छापणारी कंपनी ते लायसन्स बदलू पाहतेय असा मसुदा फुटला आणि भडका उडाला. महिना संपायच्या आत कंपनीनं एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्युशन ४.० खाली खुलं केलं. २०२५ मध्ये ५.२ ही तसंच आलं. श्रेय द्यायचा मजकूर अ‍ॅपमध्ये टाका आणि वापरा. फक्त सगळं पुस्तक त्यात आहे असं समजू नका: गॉब्लिन मिळेल, पण बिहोल्डर आणि माइंड फ्लेयर या राक्षसांचे आकडे तिथे नाहीत.

त्या गदारोळात एक गंमत झाली, जी आपल्या विषयाची आहे. मधल्या एका मसुद्यात कंपनीनं व्हीटीटी कशाला म्हणायचं हे सांगायचा प्रयत्न केला होता. मॅजिक मिसाइल या मंत्राचं वर्णन दाखवा, फासे आपोआप मोजा, चालेल. पण क्षेपणास्त्र नकाशावरून सळसळत जाऊन आदळतंय असं ॲनिमेशन दाखवलंत, म्हणजे कल्पनेची जागा चित्रानं घेतलीत, तर ते टेबलटॉप राहिलं नाही, व्हिडिओ गेम झाला. लोक हसले, आणि तो मसुदा मागे पडला. मला मात्र ती रेघ इतकी वेडगळ वाटली नाही; कम्पॅनियन अ‍ॅप आणि व्हीटीटी यांच्यामध्ये मी तशीच एक रेघ रोज मारत असतो. पुढे कंपनीनं स्वतःच सिजिल नावाचं थ्रीडी टेबल २०२५ मध्ये आणलं, आणि काही आठवड्यांतच ते करणाऱ्या टीममधल्या बहुतेकांना काढून टाकलं.

मीही व्हीटीटीविरोधी वगैरे नाही. आमच्यातला एक टोरांटोला गेला, एक डब्लिनला. रविवारी संध्याकाळी साडेसातला पुण्यात आम्ही बसतो तेव्हा उन्हाळ्यात टोरांटोत सकाळचे दहा असतात, डब्लिनमध्ये दुपारचे तीन. त्या दोघांसाठी टेबल अ‍ॅपमध्येच हवं. म्हणून आता हॉलमधल्या टीव्हीवर फाउंड्री, आणि माझ्या हातात माझं जुनं, नकाशा नसलेलं अ‍ॅप. कोण कुठे उभा आहे हे टीव्ही सांगेल, कोण किती जिवंत आहे हे माझा फोन, अशी वाटणी केली.

ही वाटणी दुसऱ्याच आठवड्यात फसली. मिशीवाला फोनवर शून्यावर गेला, मी "मेला" म्हणालो, हॉलमधल्या चौघांनी ऐकलं. टीव्हीवरचं टोकन काढायचं राहून गेलं. टोरांटोवाल्याचा आवाज नेमका तेव्हाच तुटत होता. त्याला दिसला उभा गॉब्लिन, त्यानं धनुष्य ताणलं आणि बाण सोडला. हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. स्क्रीनवर १७ लागला.

"लागला," मी म्हटलं. "मिशीवाला आता अजूनच मेला."