मटणाचे भाग (कोल्हापुरी स्वयंपाकातील निवड)

कोल्हापुरात मटण म्हणजे बकऱ्याचे. एकाच पातेल्यातून तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि सुक्के असे तिन्ही निघायचे असल्यामुळे इथे एखाद्या उत्तम भागापेक्षा भागांचा मेळ महत्त्वाचा ठरतो. दर बहुधा सरसकट किलोवर असतो (मटणाच्या दरवाढीवरून २०१९ मध्ये शहरात आंदोलन झाले, इतका हा घरोघरचा विषय). त्यामुळे नेमके काय हवे ते दुकानात सांगूनच घ्यावे.

मांडी सर्वांत मांसल. सुक्के आणि खिमा यांसाठी तिला तोड नाही. पण तिच्यात चरबी आणि चिवट पडदे कमी. नुसत्या मांडीचा रस्सा पाणचट होतो आणि फोडी चोथट लागतात. रश्शाला अंग येते ते मान, नळी (पायाचे मज्जा असलेले हाड), सीना (छाती) आणि फरा (पुढचा पाय व खांदा) यांमुळे. या भागांतले चिवट धागे मंद आचेवर तासभर शिजले की विरघळतात आणि रस्सा बोटांना चिकटू लागतो. चापेला (बरगडीच्या तुकड्याला) चरबीची पातळ किनार असते. चाप सुक्क्यात घालावी.

किलोभर मटणात अर्धा किलो मांडी, पाव किलो चाप-सीना आणि पाव किलो मान-नळ्या हे प्रमाण चांगले जमते. मानेचे तुकडे लहान करून घ्यावेत.

अळणीसाठी (मसाला न घालता काढलेल्या मटणाच्या पाण्यासाठी) किलोला दीड ते दोन लिटर पाणी, आले-लसूण आणि मीठ. आधी मान व नळ्या टाकून वीस-पंचवीस मिनिटांनी मांडी घालावी. सगळे एकदम टाकल्यास मांडीचे धागे सुटतात, नाहीतर मान रबरासारखी राहते. मांस हाडाच्या टोकावरून मागे सरकले की शिजले. मधे पाणी लागलेच तर कडकडीत गरम घालावे. पांढऱ्याचे पाणी हळद न घालता काढावे. ते गाळून, निवल्यावर वरची चरबी काढावी व तांबड्याच्या फोडणीत वापरावी. नारळाचे दूध सर्वांत शेवटी घालावे. त्यानंतर खळखळून उकळले तर पांढरा फाटतो.

कोवळ्या बकऱ्याच्या हाडाचा छेद लालसर आणि सच्छिद्र दिसतो, सांध्याची कूर्चा मऊ असते, बरगड्या अरुंद असतात. जून जनावराच्या बरगड्या रुंद व पांढऱ्या असतात. ते शिजायला वेळ घेते. नराची खूण म्हणून अंडकोश धडावर ठेवलेले असतात, ते पाहून घ्यावे. कापल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात; त्या अवस्थेतले मटण चिवट लागते. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले तर मऊ पडते.

वजडी (पोट-आतडी), मुंडी आणि पाय वेगळे शिजवावेत. त्यांचा वास पांढऱ्या रश्शात लपत नाही. काळीज मात्र उकळत ठेवायचे नाही: तव्यावर सात-आठ मिनिटे पुरतात, त्यापुढे ते कडक आणि भुसभुशीत होते.