दातांवर तोललेलं घर

तळहातावर काठी तोलायचा खेळ लहानपणी कुणी खेळला नाही? पेन्सिल लगेच पडते, लांब काठी टिकते. कारण लांब काठी सावकाश कलते आणि हात सरकवायला सवड देते. आता ही काठी चार मीटरची आहे, तळहातावर नसून चेहऱ्यावर आहे, आणि ती पेलणारा माणूस नाचतो आहे असं समजा.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, बांडियागाराच्या कड्यालगत राहणाऱ्या डोगॉन लोकांचा ‘सिरिगे’ मुखवटा असा असतो. चेहरा झाकणारी लाकडी पेटी आणि तिच्यावर उंच चढत गेलेली फळी. आत एक आडवी दांडी असते, ती नर्तक दातांत घट्ट धरतो. फळी उभी असेतोवर भार मणक्यावरून सरळ खाली उतरतो. पण नाचात ती उभी राहतच नाही! नर्तक झुकून तिचं टोक जमिनीला टेकवतो. फळीचा गुरुत्वमध्य डोक्यापासून जवळपास दोन मीटर लांब, त्यामुळे ती आडवी होत जाईल तसा तरफेचा सगळा ताण मानेवर आणि जबड्यावर येतो. फळीत कोरलेल्या जाळीमुळे वजन घटतं, वाराही आरपार जातो. डोगॉन मात्र त्या जाळीत घराण्याचं मोठं घर पाहतात, पिढीवर पिढी रचलेलं.

हे नाच होतात ते ‘दामा’मध्ये. माणूस गेल्यावर अंत्यविधी उरकतो, पण त्याचा आत्मा गावात घुटमळतो अशी समजूत आहे. त्याला पूर्वजांकडे पोचवायचं काम मुखवट्यांचं. बाजरीची बिअर आणि जेवणावळी यांचा खर्च मोठा, म्हणून दामा कधी कधी बऱ्याच वर्षांनी, अनेक मृतांसाठी एकत्र होतो.

संग्रहालयात काचेमागे असतं ते फक्त लाकूड. डोगॉनांच्या लेखी मुखवटा म्हणजे लाकूड, रंगवलेल्या वाखांचे झगे, आतला माणूस आणि त्याचा नाच, सगळं मिळून. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे तिथल्या मुखवटे नाचवायच्या उत्सवात, आपण ‘सोंग’ म्हणतो, तो शब्द इथे मुखवट्यापेक्षा चपखल बसतो.

स्त्रियांनी मुखवट्यांपासून लांब राहायचं, असा नियम आहे. गंमत म्हणजे दंतकथेनुसार मुखवटे आधी सापडले एका बाईलाच, पुरुषांनी ते नंतर बळकावले. ‘सातिंबे’ मुखवट्याच्या माथ्यावर तीच बाई उभी असते.

सगळ्यात मोठा मुखवटा मात्र चेहऱ्यावर चढतच नाही. नागाच्या रूपातला हा लाकडी खांब दहा मीटरपर्यंत लांब असू शकतो. पूर्वी माणसं मरत नसत, म्हातारपणी नाग होत. त्यातल्या एकाने निषिद्ध असताना माणसांच्या भाषेत तोंड उघडलं आणि जगातला पहिला मृत्यू झाला, अशी कथा आहे. हा खांब त्याचाच. सुमारे साठ वर्षांनी येणाऱ्या ‘सिगी’ उत्सवासाठी तो नव्याने कोरतात आणि जुने गुहेत ठेवतात. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिओल यांनी १९३० च्या दशकात अशा खांबांवरून उत्सवाचा काळ मागे मोजायचा प्रयत्न केला होता. हिशोब कच्चाच, कारण वाळवी लेखी नोंद ठेवत नाही.

मागचा सिगी १९६७ मध्ये युगो गावात सुरू होऊन १९७३ पर्यंत गावोगाव फिरला. साठ मिळवले तर पुढचा २०२७ मध्ये यायला हवा. मालीत २०१२ पासून पेटलेल्या संघर्षाची झळ कड्यालगतच्या गावांनाही बसली आहे. सिगीच्या काळात जन्मलेल्या काही मुलींना ‘यासिगिने’, म्हणजे मुखवट्यांच्या बहिणी मानतात. मागच्या खेपेच्या यासिगिने आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत.