प्लास्टिक प्रदूषण आणि परिसंस्थेची उत्पादकता

एखाद्या जागेत ठराविक काळात सूर्यप्रकाश वापरून किती जैवपदार्थ तयार होतो, त्याला परिसंस्थेची उत्पादकता म्हणतात. झाडं, शेवाळं, वनस्पती प्लवक (पाण्यात तरंगणारे, प्रकाशसंश्लेषण करणारे सूक्ष्म जीव) यांनी जेवढं बनवलं त्यातून त्यांच्या स्वतःच्या श्वसनाचा खर्च वजा केला की उरते ती निव्वळ प्राथमिक उत्पादकता, आणि किडे, मासे, पक्षी, आपण, असे बाकीचे सगळे या शिल्लकीवरच जगतो. जगभरात ही शिल्लक वर्षाला साधारण १०० अब्ज टन कार्बन एवढी धरतात, त्यातला जवळपास निम्मा वाटा समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्लवकांचा असतो.

या शिल्लकीवर माणसाचा हात आधीपासूनच आहे. जमिनीवर जेवढं उगवू शकतं त्यातला अंदाजे चौथा हिस्सा शेती, चराई, लाकूडतोड आणि बांधकाम यात जातो. खतांमुळे तर उलटंच दिसतं, म्हणजे नायट्रोजन वाहून पाण्यात गेला की शेवाळ भरमसाट वाढतं, उत्पादकता वाढली असं वाटतं, पण ते मरून कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात. मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात असा मृत पट्टा तयार होतो.

आता यात प्लास्टिकची भर. १९५० पासून २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनलं, त्यातून तयार झालेल्या कचऱ्यापैकी फक्त ९ टक्क्यांचं रीसायकलिंग झालं, १२ टक्के जाळलं गेलं, बाकी कचरा डेपोत नाहीतर उघड्यावर पडून आहे. जाळ्यात अडकलेल्या कासवाचा फोटो बघून आपल्याला वाईट वाटतं, वाटायलाच हवं, पण माझ्या मते याहून मोठी काळजी अन्नसाखळीच्या अगदी तळाशी आहे, आणि तिचा फोटो काढता येत नाही.

ऊन, लाटा आणि घर्षण यांनी प्लास्टिक कुजत नाही, नुसतं तुटत राहतं. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात, हा शब्द सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या लेखामुळे रूढ झाला. प्लास्टिकमधून रसायनंही पाण्यात झिरपतात. प्रोक्लोरोकोकस नावाचा सूक्ष्मजीव, जो समुद्रातल्या प्रकाशसंश्लेषणाचा मोठा भार उचलतो, त्याला पिशव्या आणि पीव्हीसीमधून झिरपलेल्या पाण्यात ठेवलं तेव्हा त्याची वाढ आणि प्रकाशसंश्लेषण दोन्ही मंदावलं, हा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा प्रयोगांत मात्रा बरेचदा खुल्या समुद्रापेक्षा जास्त असते हे खरं, पण किनाऱ्याजवळ आणि बंदरांत कचरा साचतो तिथली गोष्ट वेगळी.

पुढची पायरी प्राणी प्लवकांची. कोपेपॉड हे तांदळाच्या दाण्याहून लहान प्राणी प्लास्टिकचे कण अन्न समजून गिळतात, मग खरं अन्न कमी खाल्लं जातं, अंडी लहान होतात आणि त्यातली कमी उबतात. त्यांच्या विष्ठेत प्लास्टिक असलं की ती हळू बुडते, आणि हे वाचायला किरकोळ वाटेल पण हीच विष्ठा वरच्या पाण्यातला कार्बन खोल समुद्रात नेते, म्हणजे अन्न आणि हवामान दोन्हीचा धागा इथे येतो. अन्नसाखळीत दर पायरीला ढोबळमानाने १० टक्केच ऊर्जा पुढे जाते, त्यामुळे तळाला थोडं कमी पडलं तरी वरच्या मोठ्या माशांकडे तो तुटवडा सोसायला फारसं काही उरतच नाही.

प्रवाळांचंही तसंच. आशिया-पॅसिफिकमधल्या १५९ प्रवाळभित्तींच्या पाहणीत प्लास्टिक चिकटलेल्या प्रवाळाला रोग असण्याची शक्यता ४ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेलेली दिसली, कारण प्लास्टिक उजेड अडवतं, जखमा करतं आणि जंतूंना बसायला जागा देतं. जमिनीत मल्चिंग पेपरचे, म्हणजे पिकाभोवती मातीवर अंथरतात त्या प्लास्टिकच्या पातळ कागदाचे, तुकडे वर्षानुवर्षं साठले की मातीची रचना बदलते, पाणी मुरण्यावर आणि गांडुळांवर परिणाम होतो.

साफसफाई करून हे सुटेल का? मोठा कचरा गोळा होतो, करायलाच हवा. पण मायक्रोप्लास्टिक आणि प्लवक एकाच मापाचे असतात, जाळी बारीक केली की प्लास्टिकसोबत प्लवकही निघून येतात, म्हणजे ज्यांना वाचवायचं तेच जातात. म्हणूनच सगळा वाद आता प्लास्टिक बनवण्यावरच मर्यादा घालायची का यावर येऊन थांबलाय. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत देशांनी बंधनकारक करार करायचा ठराव केला, पण ऑगस्ट २०२५ मधली जिनिव्हाची बैठक करार न होताच संपली.