हौशी कार्टिंग

हौशी कार्टिंग म्हणजे छोट्या, उघड्या, एका माणसाच्या चारचाकीतून शर्यत लावणं, आणि ती सुद्धा पोटापाण्यासाठी नाही तर सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खिशातले पैसे घालून. आपल्याकडे सगळे ह्याला गो-कार्टिंग म्हणतात. गो-कार्ट हे मुळात एका अमेरिकन कंपनीचं नाव, डालडासारखंच, नंतर सगळ्याच गाड्यांना चिकटलं. ह्या खेळातले लोक मात्र नुसतं कार्ट म्हणतात आणि तुम्ही गो-कार्ट म्हणालात की ओळखतात की हा पाहुणा आहे.

गाडीत सीट एकच, पण हा खेळ एकट्याने होतच नाही. ह्या नोंदीत मैत्रीबद्दल जे काही पुढे आहे ते सगळं शेवटी ह्याच एका गोष्टीवर येतं.

सुरुवात

1956 मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने पहिली कार्ट बनवली. हा कर्टिस क्राफ्ट ह्या रेसिंग गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता, म्हणजे दिवसभर इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या मोठ्या गाड्या घडवायच्या आणि संध्याकाळी घरी पाइप जोडून हे खेळणं करायचं. मदतीला लू बोरेली नावाचा मित्र. इंजिन होतं वेस्ट बेंड कंपनीचं टू-स्ट्रोक, गवत कापायच्या यंत्रासाठी बनलेलं. बघणाऱ्यांना वाटलं आपल्यालाही पाहिजे, आणि लवकरच पासाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ही मंडळी शर्यती लावायला लागली. 1959 मध्ये मॅक्युलक कंपनीने खास कार्टसाठी इंजिन काढलं, ते लाकूड कापायच्या चेनसॉच्या इंजिनावरून बेतलेलं. 1962 मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर नियम करणारी सीआयके ही संस्था आली, 1964 पासून जागतिक अजिंक्यपद सुरू झालं. पार्किंग ते वर्ल्ड चॅम्पियनशिप आठ वर्षांत.

गाडी

कार्टला सस्पेन्शन नसतं. डिफरन्शियलही नसतं, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर घट्ट बसवलेली असतात आणि दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. आता वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी, मग दोघं एका वेगाने फिरणार कशी? म्हणून कार्टची रचनाच अशी केलेली असते की स्टेअरिंग वळवलं की आतल्या बाजूचं पुढचं चाक खाली दाबलं जातं, चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, पिळवटते आणि आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं. कार्ट वळण घेते ती तीन चाकांवर. हे ज्याला कळलं त्याला अर्धं कार्टिंग कळलं.

ह्याच्यामुळेच एक मजा होते, आपल्याकडचा प्रत्येक नवखा माणूस बाइकची सवय असल्यामुळे वळणावर आत झुकतो आणि स्वतःचं वजन नेमकं त्या चाकावर टाकतो जे वर उचललं जायला पाहिजे, मग गाडी वळायला बघत नाही आणि हा खाली उतरून म्हणतो स्टेअरिंग जड आहे. दुसरी सवय दोन्ही पाय एकदम दाबायची. उजव्या पायाखाली ॲक्सिलरेटर, डाव्या पायाखाली ब्रेक, दोन्ही एकदम दाबलं की इंजिन घुसमटतं आणि क्लच जळायचा वास येतो, ट्रॅकवरचा मार्शल लांबूनच हात हलवून ओरडायला लागतो. बहुतेक कार्टला ब्रेक फक्त मागे असतो, त्यामुळे वळणाच्या मध्यात घाबरून ब्रेक मारला तर गाडी गर्रकन फिरणार हे ठरलेलं. पहिल्या दिवशी सगळेच फिरतात, त्यात लाज नाही.

भाड्याच्या कार्टना बहुतेक होंडाची जीएक्स मालिकेतली फोर-स्ट्रोक इंजिनं असतात, तीच जी पाण्याच्या पंपांवर आणि जनरेटरवर दिसतात. दणकट, आवाज घरघर, चारी बाजूंनी जाड बंपर. शर्यतीची कार्ट हे वेगळंच प्रकरण आहे. 125 सीसी टू-स्ट्रोक, त्यात रोटॅक्स मॅक्स हे इंजिन जगभर चालतं कारण ते सील केलेलं असतं, कोणी उघडून आत उद्योग करू शकत नाही. ताशी शंभराच्या पुढे सहज जाते आणि तुम्ही जमिनीपासून काही सेंटिमीटरवर बसलेले असता, त्यामुळे शंभर हा आकडा दोनशेसारखा वाटतो. सीट कडक फायबरची, बरगड्यांना असा मार बसतो की बरगड्यांचं वेगळं संरक्षक जाकीट मिळतं. मी पहिल्या वेळी ते न घालता बसलो आणि पुढचे चार दिवस शिंक आली की भिंत धरून उभा राहत होतो.

दोन माणसं लागतात

आता मुख्य मुद्दा. जुन्या 100 सीसी कार्टना क्लच नसायचा आणि स्टार्टरही नसायचा. इंजिन थेट चाकांना जोडलेलं. मग ती सुरू कशी करायची? मागून दुसऱ्या कोणीतरी गाडीचा मागचा भाग उचलायचा, पळत ढकलायचं, वेग आला की खाली आपटायचं, इंजिन पकडलं की गाडी सुसाट आणि ढकलणारा तिथेच धापा टाकत. वरच्या पातळीवरच्या शर्यतीत हा प्रकार 2006 पर्यंत चालला, 2007 पासून तिथे क्लच आणि बटण स्टार्ट आलं. म्हणजे कित्येक वर्षं असं होतं की तुम्ही कितीही भारी ड्रायव्हर असा, तुमच्यासाठी पळणारं कोणी नसेल तर सुरू होणंच अवघड. ट्रॅकच्या मधोमध गाडी फिरून बंद पडली तर खेळ खलास.

बटण आलं तरी कार्ट ट्रॉलीवरून उतरवायला दोन माणसं लागतातच. रेसिंग कार्ट ड्रायव्हरशिवाय साधारण सत्तर-ऐंशी किलो भरते, एकट्याने उचलायला गेलात तर कंबर गेली. एक पुढून, एक मागून. त्यामुळे पॅडॉकमध्ये, म्हणजे जिथे सगळ्यांचे तंबू आणि गाड्या लागलेल्या असतात तिथे, दिवसभर ऐकू येणारं वाक्य एकच, अरे जरा हात लाव. आणि ज्याला हाक मारली तो बहुतेक वेळा शेजारच्या तंबूतला असतो, म्हणजे ज्याला तुम्ही अर्ध्या तासाने हरवायला बघणार आहात तोच. कोणी नाही म्हणत नाही, कारण थोड्या वेळाने त्यालाही गाडी उचलायची असते.

उसनवारीचं पण तसंच. चेन तुटते, स्पार्क प्लग काळा पडतो, एखादा नट कुठे उडाला कळत नाही, ट्रॅक गावाबाहेर, रविवार, दुकानं बंद. मग शेजाऱ्याकडून स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, मागून आणायचं आणि त्याच स्प्रॉकेटवर त्याला मागे टाकायचं असंही होतं. सल्ल्याच्या बाबतीत लोक जरा हातचं राखून असतात. किती दातांचं स्प्रॉकेट लावलंय ते मोजता येतं म्हणून खरं सांगतील. टायरमध्ये हवा किती आणि कार्ब्युरेटरमध्ये जेट, म्हणजे पेट्रोल किती जाणार ते ठरवणारं बारीक भोकाचं नळकांडं, कुठला हे विचारलं की चेहरा निर्विकार होतो, कारण हवेतला गारवा आणि दमटपणा बदलला की जेट बदलावा लागतो आणि तो ज्याला बरोबर जमतो त्याचा दोन-तीन दशांश सेकंदाचा फायदा. इथे शर्यती तेवढ्यावरच ठरतात.

ट्रॅकवर सुद्धा दोघांची गरज पडते. सरळ रस्त्यावर दोन कार्ट एकमेकींना चिकटून गेल्या तर दोघींना वारा कमी लागतो आणि दोघी एकट्या गाडीपेक्षा जोरात जातात. म्हणून पुढचे दोघं पळून जात असतील तर तिसरा-चौथा आपापसात भांडत नाहीत, आधी मिळून त्यांना गाठतात आणि शेवटच्या दोन लॅपमध्ये भांडतात. ठरवून काही होत नाही, मागचा पुढच्याला ओव्हरटेक न करता फक्त नाक चिकटवून बसला की पुढच्याला कळतं. नवखे मात्र पहिल्याच वळणापासून एकमेकांना अडवत बसतात आणि पुढचे दिसेनासे होतात.

भांडणं होत नाहीत असं मुळीच नाही. धक्का मारून जाणारे सगळीकडे असतात. हे इतकं वाढलं की 2015 च्या सुमारास पुढचं प्लॅस्टिकचं नाक असं बसवायचा नियम आला की समोरच्याला जोरात ठोकलं तर ते जागेवरून मागे सरकतं, आणि शर्यत संपताना ते सरकलेलं दिसलं की वेळेचा दंड. चांगला नियम, कारण मी कुठे ठोकलं हे म्हणायची सोयच राहिली नाही. शर्यत संपली की वजनकाटा, ड्रायव्हर आणि गाडी मिळून ठरलेलं किमान वजन भरलं पाहिजे, म्हणून हडकुळी पोरं सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टने लावून फिरतात. काट्यावर सगळे एका रांगेत घामाघूम उभे असतात आणि तिथेच मघाशीचं भांडण एक तर मिटतं नाहीतर पुढच्या महिन्याला लागतं. भाड्याच्या कार्टमध्ये चिठ्ठ्या टाकून गाडी वाटतात, त्यामुळे तिथे हरलेल्याचं वाक्य ठरलेलं असतं की माझी कार्ट स्लो होती. जिंकलेल्याची कार्ट फास्ट होती असं जिंकलेला कधीच म्हणत नाही.

ह्या सगळ्याची सगळ्यात मोठी साक्ष आयर्टन सेनाची. तीन वेळा फॉर्म्युला वन जगज्जेता, पण कार्टिंगचं जागतिक अजिंक्यपद त्याला कधी मिळालं नाही, 1979 आणि 1980 दोन्ही वेळा दुसरा. 1993 मध्ये ॲडलेडला पत्रकारांनी विचारलं की कोणाशी शर्यत खेळताना सगळ्यात समाधान मिळालं, तर फॉर्म्युला वनमधला त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी प्रोस्ट ह्याचं नाव येईल असं वाटत असताना त्याने टेरी फुलर्टन ह्या इंग्लिश कार्ट ड्रायव्हरचं नाव घेतलं. हा 1973 चा कार्टिंग जगज्जेता, इटलीतल्या डीएपी टीममध्ये सेनाचा सहकारी. सेनाचं म्हणणं असं की ते निखळ ड्रायव्हिंग होतं, ना राजकारण ना पैसा. फुलर्टन फॉर्म्युला वनकडे कधी गेलाच नाही.

भारतात आणि आपल्याकडे

भारतात कार्टिंगचा जोर दक्षिणेत. कोइंबतूरजवळ चेट्टिपाळयमला करी मोटर स्पीडवे आहे, 2.1 किलोमीटरचा, रेसिंग गाड्या बनवणारे रेसर एस. करिवर्धन ह्यांच्या नावाचा. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये रोटॅक्स मॅक्स इंजिनं आली आणि खेळाला शिस्त लागली. मुंबईतून रेयोमंद बनाजी हे राष्ट्रीय विजेते आणि नंतर पोरांना घडवणारे, आणि जेहान दारुवाला हा पुढे फॉर्म्युला टूपर्यंत गेलेला, कार्टिंगमधूनच वर आलेला. मुंबईत वाढलेली स्नेहा शर्मा विमान चालवायची नोकरी सांभाळून रेसिंग करायची. कार्टिंगमध्ये बायकांचा वेगळा गट सहसा नसतो, सगळे एकाच ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीला एकाच रांगेत.

महाराष्ट्रात खरा रेसिंगचा ट्रॅक म्हणजे कोल्हापूरचा मोहिते रेसिंग अकॅडमीचा, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्याही तिथे झाल्यात. कोल्हापूर ह्याला जागा म्हणून एकदम शोभतं. फाउंड्री आणि लेथचं गाव, शिरोली आणि गोकुळ शिरगावला एमआयडीसी, ऑइल इंजिनांचा जुना धंदा, एखादा बुश किंवा स्पेसर तुटला तर घासून देणारा मिस्त्री गावात सापडतोच.

पण मराठी पोरांची कार्टिंगशी खरी ओळख होते ती इंजिनीअरिंग कॉलेजात. मेकॅनिकलच्या पोरांची टीम स्वतः कार्ट डिझाइन करते, पाइप वाकवते, वेल्डिंग करते, त्यावर बाइकचं इंजिन बसवते आणि आंतरकॉलेज स्पर्धेला घेऊन जाते. वीस-पंचवीस जण, वर्गणी, कोणाच्या तरी काकांचं वर्कशॉप, परीक्षेच्या आधीच्या रात्री ग्राइंडरचा आवाज, आणि शेवटी टेम्पोत ताडपत्रीखाली गाडी आणि तिच्या शेजारी झोपलेली दोन पोरं. तिथे तपासणीत ब्रेकची परीक्षा असते, धावत्या गाडीची चाकं जागच्या जागी लॉक झाली पाहिजेत, आणि निम्म्या टीम पहिल्यांदा इथेच नापास होतात. मग ब्रेकमधली हवा काढायला दुसऱ्या कॉलेजची पोरं येतात, मास्टर सिलिंडर उसना मिळतो, सांगलीची टीम नाशिकच्या टीमला स्टिकर लावू देत नाही पण पाना देते. बऱ्याच टीमची गाडी मुख्य शर्यतीत चार लॅप पण टिकत नाही. तरी ग्रुप फोटोत सगळे काळ्या हातांनी हसत असतात आणि तो फोटो पुढे दहा वर्षं व्हॉट्सॲप ग्रुपचा डीपी राहतो.

खर्च

भाड्याच्या कार्टवर आठ-दहा लॅप काही शे रुपयांत होतात. स्वतःची कार्ट घेतली की हिशोब ठेवायचा नाही असा संकेत आहे, घरी तर अजिबात सांगायचं नाही. चॅसी बहुतेक इटालियन, इंजिन ठराविक तासांनी उघडून दुरुस्त करावं लागतं, आणि टायर हा सगळ्यात मोठा चोर. चांगल्या टीम एका शर्यतीच्या शनिवार-रविवारनंतर टायर टाकून देतात. ते टाकलेले टायर संध्याकाळी पॅडॉकमध्ये तंबूच्या बाहेर रचून ठेवलेले असतात आणि नवखी पोरं तिथे घुटमळत असतात, सरावाला चालतील का म्हणून. बहुतेक वेळा फुकट मिळतात, आणि तेवढ्यासाठी रिमवरून टायर काढायला मदत करावी लागते, कारण ते कामही एकट्याने होत नाही.