फायरवॉल, घरगुती

फायरवॉल, घरगुती : घरातला संगणक (किंवा घरातले सगळे जाळे) आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामध्ये राहून, ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे माहितीची पाकिटे (जाळ्यावरून जाणारे माहितीचे छोटे तुकडे) आत-बाहेर सोडणारी किंवा अडवणारी व्यवस्था. ती संगणकाच्या कार्यप्रणालीत प्रोग्रॅमच्या रूपाने असते किंवा राउटरमध्ये (घरच्या उपकरणांना इंटरनेटशी जोडणाऱ्या पेटीत) असते. आज बहुतेक घरांत ती दोन्हीकडे असते आणि घरच्यांना दोन्हींचा पत्ता नसतो. ‘अग्निभिंत’ हा मराठी प्रतिशब्द काही लेखनात आढळतो, पण तो रुळला नाही. दुकानदारापासून शाळेतल्या संगणक-शिक्षकापर्यंत सगळे ‘फायरवॉल’च म्हणतात, म्हणून येथेही तोच वापरला आहे.

संज्ञा व उगम : एका जागची आग शेजारच्या जागेत जाऊ नये म्हणून बांधलेली जाड भिंत हा या शब्दाचा मूळ अर्थ. मोटारीत इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यालाही हेच नाव आहे. संगणकक्षेत्रात हा शब्द कोणी आणला याविषयी एकमत नाही. १९८३ च्या ‘वॉरगेम्स’ या अमेरिकी चित्रपटात एका पात्राच्या तोंडी तो येतो, म्हणून काही जण उगम तेथे नेतात. मात्र पुढच्या अभियंत्यांनी तो तेथूनच उचलला असे दाखवणारा दुवा पुढे आलेला नाही. बांधकामातला शब्द सर्वांच्या ओळखीचा असताना चित्रपटाचा आधार शोधण्याचे कारणही दिसत नाही.

तंत्राच्या जनकत्वाचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन (डेक) या कंपनीच्या अभियंत्यांनी १९८८ मध्ये पाकिटे गाळणारी पहिली फायरवॉल मांडली, हे विधान एका संदर्भातून दुसऱ्यात उतरत गेलेले दिसते. जेफ्री मोगल यांचा, रशीद व ॲसेटा या सहलेखकांसह लिहिलेला ‘पॅकेट फिल्टर’वरचा निबंध १९८७ चा आहे. पण यंत्रावर आलेले पाकीट योग्य त्या प्रोग्रॅमपर्यंत झटपट कसे पोचवावे, एवढाच त्याचा विषय आहे; सुरक्षेशी त्याचा संबंध नाही. नावातल्या साम्यामुळे पुढे घोटाळा झाला असावा. दोन जाळ्यांच्या सांध्यावर पाकिटे तपासून नको ती अडवण्याची पद्धत मोगल यांनी १९८९ च्या निबंधात मांडली. लेखी पुरावाच धरायचा तर हे वर्ष अधिक भरवशाचे. त्याच सुमारास एटी अँड टी बेल प्रयोगशाळेत विल्यम चेसविक यांचे काम चालू होते. तेथल्या सुरक्षित प्रवेशद्वाराच्या रचनेवरचा त्यांचा निबंध १९९० चा. मार्कस रानम यांच्याशी जोडले गेलेले डेकचे ‘सील’ हे विक्रीस आलेल्या पहिल्या फायरवॉलपैकी एक, साधारण १९९१-९२ मधले. स्टीव्हन बेलोविन, ब्रायन रीड, पॉल विक्सी यांचीही नावे या संदर्भात घेतली जातात. एकच जनक ठरवण्यापेक्षा चार-पाच जणांनी दोन-तीन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी केलेले काम, असे मानणे वस्तुस्थितीला धरून होईल.

या सगळ्याला निकड आली ती २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस वर्ममुळे (वर्म म्हणजे जाळ्यावरून आपोआप पसरणारा उपद्रवी प्रोग्रॅम). त्याने सुमारे ६,००० यंत्रे बाधित केली असे सांगतात; तो आकडा मोजणीचा नसून अंदाजाचा आहे. संभाषणाची आठवण ठेवणारी (स्टेटफुल) तपासणी बाजारात रुळली ती चेक पॉइंट या इस्रायली कंपनीच्या १९९४ मधल्या ‘फायरवॉल-१’ पासून.

कार्यपद्धती : प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आयपी पत्ता (जाळ्यावरचा यंत्राचा क्रमांक) आणि दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक (यंत्रातल्या कोणत्या सेवेचे दार ते सांगणारे, ० ते ६५,५३५) असतात. साधी गाळणी टपालवाल्यासारखी वरचा पत्ता वाचते, आतले पत्र वाचत नाही. तिची अडचण अशी की आत येणारे पाकीट हे आपल्याच मागणीचे उत्तर आहे की कोणी आगंतुक दार ठोठावतो आहे, हे तिला कळत नाही. आठवण ठेवणारी फायरवॉल आतून निघालेल्या प्रत्येक जोडणीची नोंद एका तक्त्यात करते. बाहेरून आलेले पाकीट त्या तक्त्यातल्या एखाद्या नोंदीशी जुळले तर आत जाते, नाही तर टाकून दिले जाते. संभाषण संपले किंवा बराच वेळ शांत राहिले की नोंद पुसली जाते.

गोव्यातल्या वाचकाला हे खाजन शेतीतल्या (नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीतल्या) मानशीवरून, म्हणजे पाण्याच्या दारावरून, चटकन समजते. बांधात बसवलेल्या मानशीची लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, त्यामुळे नदीचे खारे पाणी शेतात शिरत नाही; ओहोटी लागली की आतले पाणी त्याच दारांना बाहेर ढकलून निघून जाते. कोणी राखण बसायला लागत नाही. घरगुती फायरवॉलचा मूळ नियम नेमका हाच आहे : आतून बाहेर मोकळे, बाहेरून आत बंद. फरक एवढाच की मानशीला आठवण नसते. आपण बाहेर सोडलेल्या पाण्याचे उत्तर म्हणून परत येणारे पाणी तिला ओळखता येणार नाही, फायरवॉलला येते. तुलनेची दुसरी बाजूही लागू पडते. मासळीसाठी मानशीची दारे भरतीला उघडी ठेवली की शेतात खारे पाणी चढते, ही खाजनातली जुनी तक्रार आहे. घरच्या जाळ्यात हेच काम ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करते (पुढे पहा).

संगणकातील फायरवॉल : विंडोज एक्सपीमध्ये (२००१) ती होती, पण बंद ठेवून दिलेली. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म पोर्ट १३५ वाटे पसरला. बाधित संगणकावर ‘६० सेकंदांत बंद होत आहे’ अशी उलटी गणती दिसू लागे. ती पाहून अनेकांनी संगणक नादुरुस्त झाला असे समजून तो उचलून दुकानात नेला. ब्लास्टरने वापरलेल्या फटीची दुरुस्ती जुलैमध्येच आली होती, ती बसवलेली नव्हती इतकेच. २००४ मध्ये सॅसर वर्म पोर्ट ४४५ वरून आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या ‘सर्व्हिस पॅक २’ या एक्सपीच्या सुधारणा-संचापासून विंडोजची फायरवॉल मुळातच चालू येऊ लागली. घरगुती सुरक्षेच्या इतिहासात हा बदल कोणत्याही नव्या शोधापेक्षा मोठा मानावा लागेल. तोपर्यंत जाणकार मंडळी झोनअलार्मसारखे वेगळे प्रोग्रॅम बसवत. मॅकमध्ये प्रोग्रॅमनिहाय फायरवॉल २००७ च्या आवृत्तीपासून आहे. लिनक्समध्ये आयपीटेबल्स (२००१) व नंतर एनएफटेबल्स (२०१४), आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात त्यावर बेतलेले सोपे ‘यूएफडब्ल्यू’, जे आपण चालू करेपर्यंत बंदच असते.

विंडोजमध्ये एखादा नवा प्रोग्रॅम बाहेरून जोडणी स्वीकारू पाहतो तेव्हा पडद्यावर एक चौकट येते : प्रायव्हेट आणि पब्लिक अशा दोन जाळ्यांपुढे खूण करण्याची जागा, खाली ‘अलाऊ’ आणि ‘कॅन्सल’. बहुतेक जण न वाचता ‘अलाऊ’ दाबतात. ‘कॅन्सल’ दाबणारा समजतो की प्रश्न टळला. प्रत्यक्षात त्या प्रोग्रॅमला अडवणारा कायमचा नियम तयार होतो, आणि महिन्याभराने प्रिंटर का चालत नाही हे कोणाला उमगत नाही. घरचे वायफाय ‘प्रायव्हेट’ आणि हॉटेल, विमानतळ वा पाहुण्यांना दिलेले जाळे ‘पब्लिक’ ठेवावे, एवढे पाळले तरी बरेच साधते. कळंगुट-कांदोळीच्या बाजूला घराची एखादी खोली पर्यटकांना देणाऱ्यांनी राउटरमधले ‘गेस्ट’ जाळे वेगळे सुरू करणे श्रेयस्कर. एकच पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असला की पाहुण्याचा लॅपटॉप आणि घरचा हिशेबाचा संगणक शेजारी-शेजारी येतात, आणि राउटरची भिंत त्या दोघांच्या मध्ये नसते.

राउटर, नॅट व त्याचे भ्रम : १९९४ मध्ये मांडलेली नॅट (नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, पत्त्यांची अदलाबदल) ही योजना मुळात अपुरे पत्ते पुरवून वापरण्यासाठी होती. घरातल्या सगळ्या उपकरणांना १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते द्यायचे आणि बाहेर एकच पत्ता दाखवायचा. न मागता आलेले पाकीट नेमके कोणाला द्यायचे हे राउटरला ठाऊक नसल्यामुळे ते पडून जाते. संरक्षण हे असे ओघाने मिळते. नॅट म्हणजेच फायरवॉल असे काही जण म्हणतात, काही जण ते साफ नाकारतात. व्यवहारात पहिल्यांचे चालून जाते, पण आयपीव्ही६ ही आयपी पत्त्यांची नवी पद्धत आल्यावर दुसऱ्यांचे म्हणणे पटू लागते. त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो, नॅटची आडकाठी उरत नाही, आणि राउटरमध्ये आयपीव्ही६ साठी वेगळी फायरवॉल चालू आहे की नाही यावरच सारे ठरते. राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या अंकाने सुरू होत असेल, तर सेवादात्याने स्वतःच्या बाजूलाही एक नॅट बसवले आहे असे समजावे.

गोव्यातील स्थिती : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. फोनच्या तारेवरून चालणाऱ्या मोडेमच्या काळात मध्ये राउटर नसे, संगणक थेट जाहीर पत्त्यावर उघडा पडे. गोव्यात अनेक घरांत पहिला संगणक आला तो या शतकाच्या पहिल्या दशकात, शासनाच्या सायबरएज योजनेतून उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना मिळालेला. आता तार येते ती बहुधा गावातल्या केबलवाल्याकडून किंवा एखाद्या मोठ्या कंपनीच्या फायबरवरून. मृगात वीज कडाडली की मोडेम जळतो, दुसऱ्या दिवशी मुलगा येऊन नवा बसवून जातो, आणि जुन्यावर बदललेला पासवर्ड, राउटर बाहेरून चालवण्याची बंद केलेली सोय हे सारे पुन्हा कारखान्यातून आले तसे होते. पावसाळ्यानंतर राउटरचे पान एकदा उघडून पाहणे म्हणूनच इष्ट.

येथला खास धोका बंद घरांचा. घरची माणसे आखातात, लंडनला किंवा बोटीवर. घराला कुलूप आणि ओसरीवर सीसीटीव्ही. ते चित्र परदेशात दिसावे म्हणून बसवणारा राउटरमध्ये एक पोर्ट उघडून डीव्हीआरकडे (चित्रण साठवणाऱ्या पेटीकडे) वळवतो, हेच पोर्ट फॉरवर्डिंग, आणि पासवर्ड कारखान्याचाच ठेवतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे असेच कॅमेरे व डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याच्याजवळ सुमारे ६० मूळ पासवर्डांची यादी होती, आणि तेवढी पुरली. २१ ऑक्टोबर २०१६ च्या डाइन (Dyn) या, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवरच्या हल्ल्यात ही उपकरणे वापरली गेली. ‘यूपीएनपी’ चालू असेल तर उपकरण आपले आपणच पोर्ट उघडून घेते. गरज नसल्यास ते बंद ठेवावे.

मर्यादा : वीजबिल थकल्याचा खोटा निरोप, बँकेच्या नावाने आलेला फोन, दुरून पडदा चालवू देणारे ॲप या वाटांना फायरवॉल आडवी येत नाही, कारण जोडणी आतून बाहेर जाते आणि ती वापरणाऱ्यानेच सुरू केलेली असते. बाहेर जाणारी वाहतूक अडवण्याची सोय विंडोजमध्ये व्हिस्टा या आवृत्तीपासून आहे, पण ती मुळात मोकळी ठेवलेली असते. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच कळवायचे असते; गोवा पोलिसांचे सायबर गुन्हे ठाणे रायबंदरला आहे. अडवलेल्या पाकिटांची नोंदवही विंडोज ठेवू शकते, मात्र तीही आधी चालू करावी लागते आणि मूळ ठेवणीत ४,०९६ केबीपर्यंतच वाढते, त्यानंतर जुन्या नोंदी मागे पडत जातात.